गुणी बाळ

बारशाच्या दिवशी सकाळपासून बाळ रडलं नव्हतं, आणि घरात त्याचंच कौतुक चाललं होतं.

“पोऱ्या गुणी शे,” उषाबाई येणाऱ्या प्रत्येक बाईला दारातच सांगत होत्या. “आमना धरम भी असाच निजे. घरमा लेकरू शे का नही, समजे नही.”

आतल्या खोलीत कानाला फडकं बांधून, भिंतीला टेकून बसलेल्या अश्विनीला ते ऐकू येत होतं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. तिनं त्याच्या तळपायावर अंगठा घासला. त्यानं पाय जरासा आखडला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा निपचित झालं. पहाटे अंगावर घेतलं तेव्हा चार घोट ओढून त्यानं तोंड सोडून दिलं होतं. त्यानंतर तिनं दोनदा घेतलं, पण दूध त्याच्या ओठांतून गालावर ओघळलं. तिची छाती दगडासारखी भरून आली होती आणि ब्लाउज पुन्हा भिजला होता.

सुषमा, तिची थोरली जाऊ, कपाटातून बारशाच्या ओटीचे खण काढायला आत आली.

“वहिनी, हा कालपासून नीट पीत नाहीये.”

“भूक लागली की पिईल.” सुषमानं वळून पाहिलं नाही. “माझ्या दोघींच्या वेळेला मी तिसऱ्या दिवशी चुलीपुढे होते. कोण पितंय, कोण नाही, बघायला सवड नव्हती. झाल्या ना मोठ्या?”

बोलण्याचा हक्क आपण आपल्याच हातानं घालवला आहे, हे अश्विनीला कळत होतं. घरी आल्या आल्या बाळाला उचक्या लागल्या आणि थांबेनात, तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिचा नवरा धर्मेंद्र सुरतेबाहेरच्या पलसाण्याच्या, कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमधली पाळी अर्धी टाकून धावत आला, रिक्षानं दवाखान्यात पोचेपर्यंत उचक्या थांबल्या होत्या. पुढे एकदा झोपेत बाळाचा श्वास क्षणभर अडला, मग भराभर चालला, मग पुन्हा अडला. ती अनवाणी बाहेर पळाली. त्या खेपेला डॉक्टर हसले. “बेन, बाबो एकदम मजामां छे. नवी बाळं असाच श्वास घेतात. तुम्ही झोपा जरा,” असं म्हणून धर्मेंद्रला बाजूला घेऊन काहीतरी हळू बोलले. काय बोलले ते त्यानं तिला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र तो तिच्याशी फार सांभाळून बोलायचा, जसं तापातल्या माणसाशी बोलतात.

डॉक्टरांना काय माहीत होतं? पहिल्या खेपेचं पोट तिसऱ्या महिन्यात रिकामं झालं, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत सगळेच “सगळं छान आहे” म्हणत होते. यंदाचे सगळे महिने तिनं पोटावर हात ठेवूनच काढले. बाळ हललं नाही की थंड पाणी प्यायची, डाव्या कुशीवर वळायची, श्वास रोखून वाट बघायची. बाळंत झाल्यावर ही भीती जाईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ती गेली नाही, फक्त पोटातून मांडीवर आली.

बाहेर दारात तिच्या आईचा आवाज आला. मंगलाताई शहराच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून रोज येत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण नेमकं तेव्हाच अश्विनीच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि बाळंतीण दिंडोलीच्या या रो-हाउसमध्ये सासरीच राहिली. ही गोष्ट दोन्ही विहिणींना लागून राहिली होती. मंगलाताईंना वाटे, आपली मुलगी परक्या पद्धतीत अडकली. उषाबाईंना वाटे, विहीणबाई रोज येऊन परीक्षा घेतात.

“मम्मी, याला बघ ना जरा,” अश्विनी म्हणाली. “अंग पिवळं नाही वाटत?”

मंगलाताईंनी चष्मा लावला, बाळाची हनुवटी वर केली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अश्विनीच्या जीवात जीव आला.

“पिवळं नाही होणार तर काय?” मंगलाताई दाराकडे तोंड करून म्हणाल्या. “रोज वाटी वाटी हळद चोळतात. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, एवढ्याशा कातडीला हळद-बेसन नको म्हणून.”

उषाबाई दारातच होत्या. “हाळद नही लावू ते काय पावडर लावू, इहीनबाई? आमना घरना सगळा पोरे हाळदवरच मोठा व्हयनात.”

“आणि हे दुपटं? याचा वास बघा केवढा येतोय.”

“त्या दुपटाले काही बोलू नका.” उषाबाईंचा आवाज चढला. “मना सासूना लुगडानं शे ते. धरमना बापपासून या घरना सगळा लेकरे त्यामाच गुंडाळेल शेतस.”

ते खरं होतं. सासरे लोटूआप्पा खानदेशातून सुरतेला मागावर काम करायला आले, तेव्हा पत्र्याच्या पेटीत दोन सदरे आणि आईच्या हातचं हे दुपटं घेऊन आले होते. सुषमाचा नवरा गजेंद्र, रंजना, धर्मेंद्र, सुषमाच्या दोघी मुली, सगळे त्यात निजले. चार दिवसांपूर्वी उषाबाईंनी पेटी उघडून दुपटं आणि त्याच्याबरोबरची जुनी झबली काढली, उन्हात टाकली आणि बाळाला दिली. पहिला नातू होता तो. अश्विनीचं त्या वासानं डोकं चढत होतं, पण एवढ्या मायेनं दिलेल्या वस्तूला नाक कसं मुरडायचं?

दोघी विहिणी हळदीवरून धुरीवर गेल्या आणि धुरीवरून अळिवावर. बाळ पिवळं का, हा प्रश्न त्या बोलाचालीत कुठल्या कुठे वाहून गेला.

अश्विनीनं लंगोट बदलायला घेतला आणि हात थांबला. फडक्यावर ओला डाग होता, पण पाण्यासारखा नव्हता. उकळून उकळून काळा झालेल्या चहाचा असावा तसा.

तिनं धर्मेंद्रला आत बोलावलं. तो रात्रपाळी करून आला होता. डोळे तांबारलेले, अंगावर नवा कुर्ता.

“हे बघ. हा शूचा रंग आहे.”

त्यानं फडकं हातात घेऊन पाहिलं. “पाणी कमी पडलं असेल. गरम होतंय ना.”

“धरम, आत्ता जाऊ या दवाखान्यात.”

“आत्ता?” त्यानं दाराकडे पाहिलं. “अशू, गच्चीवर शंभर माणसं बसलीत. आमचे कामावरचे मास्टर आलेत पलसाण्याहून. रंजनाताई नंदुरबारहून फक्त याच्यासाठी आली. पाळण्यात घालू, नाव ठेवू, लगेच निघू. मी शब्द देतो.”

“तो पीत नाही. उठत नाही.”

धर्मेंद्र तिच्याजवळ बसला. तिच्या डोक्यावरचं फडकं सारखं करत म्हणाला, “डॉक्टर म्हणाले होते, तुला असं वाटत राहणार. काही बायकांना होतं बाळंतपणानंतर. सतत काहीतरी वाईट होणार असं वाटतं. तुझा दोष नाही त्यात.”

तर हे बोलणं झालं होतं त्या दिवशी! ती रागावायला हवी होती. राग आला नाही. उलट तिला वाटलं, असेलही. असेलही आपल्याच डोक्यात सगळं. हा डाग दुसऱ्या कुणी पाहिला तर त्याला साधा डागच दिसेल. बाळाला काही झालं असेल या भीतीपेक्षा, आपल्याला यातलं खरं-खोटं कळेनासं झालंय ही भीती मोठी होती.

“चल,” ती म्हणाली. “पण लगेच निघायचं.”

गच्चीवर मांडव होता. एका बाजूला वरण-बट्टीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास, दुसऱ्या बाजूला झेंडूच्या माळांनी सजवलेला पाळणा. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. बाळाला त्या दुपट्यात गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायला लागल्या. प्रत्येक हातात गेलं की बाळाची मान एका बाजूला घसरत होती. एकदा त्याचा हात दुपट्याबाहेर लोंबला आणि तसाच राहिला. कुणाची तरी बांगडी त्यावर आपटली, तरी बोटं मिटली नाहीत.

“बघा, एवढ्या गोंगाटात झोपलाय!” कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

रंजना पाळण्याजवळ आली. धर्मेंद्रची ही मोठी बहीण. भाच्याचं नाव तिनं आठवडाभर कुणाला कळू दिलं नव्हतं. तिनं बाळाला पाळण्यात ठेवलं. डोळ्याखाली ओघळलेलं काजळ पदराच्या टोकानं टिपलं. टिपताना बाळाची पापणी वर ओढली गेली, आणि मांडवाच्या फटीतून येणारं ऊन नेमकं त्या डोळ्यावर पडलं.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

रंजना कानाशी वाकली होती. अश्विनी पुढे झाली आणि तिनं पाळण्यातून बाळ उचललं.

“थांबा ताई.”

पाळण्याचं गाणं एकेका आवाजानं बंद पडत गेलं.

“अगं, नाव तरी सांगू दे!” रंजना सरळ होत म्हणाली.

“नाव नंतर. मी याला दवाखान्यात नेतेय.”

“अशू,” धर्मेंद्र पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “पाच मिनिटं. मी म्हटलं ना?”

“काबर असं करस व?” उषाबाई दात आवळून, हळू आवाजात म्हणाल्या. “सोनाना दिन शे आज. मानसे देखी राहिनात.”

अश्विनीनं आईकडे पाहिलं. मंगलाताईंनी तिच्या दंडाला धरलं. “अश्विनी, लोक बघताहेत. आधी शांत हो. बस इथे.”

इतक्या दिवसांत एका गोष्टीवर एकमत न झालेल्या दोघी विहिणी तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, आणि दोघींचं म्हणणं एकच होतं. टाके ओढत होते. तिनं बाळाला इतकं घट्ट धरलं की एरवी कुठलंही बाळ किंचाळलं असतं. हे किंचाळलं नाही.

“मला वेडी म्हणा,” ती म्हणाली. “आज तिसऱ्यांदा म्हणा. घरी आल्यावर सगळे मिळून हसा मला. पण कुणीतरी याच्या डोळ्यात बघा हो! एकदा बघा फक्त!”

कुणीच हललं नाही. मग मागून सुषमा आली. हातातलं घुगऱ्यांचं ताट तिनं खुर्चीवर ठेवलं, बाळाला अश्विनीच्या हातून काढून घेतलं आणि मांडवाबाहेर, कठड्यापाशी उन्हात नेलं. अंगठ्यानं पापणी वर केली. मग दुसऱ्या डोळ्याची. मग हिरड्यांवरून बोट फिरवलं. तिच्या तोंडावरचा रंग बदलत गेलेला सगळ्यांना दिसला.

“आई, इकडे या,” तिनं सासूला हाक मारली. “हळद अंगाला लावतात. डोळ्यात कोण घालतं?”

उषाबाई गेल्या. वाकून पाहिलं. डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं.

“धरम,” त्या वळल्या, आणि आता आवाज सगळ्या गच्चीला ऐकू गेला, “गाडी काढ.”

“माय, पण हे सगळे…”

“गाडी काढ म्हनस ना मी! गजा देखी पाव्हनासले.” त्यांनी सुषमाच्या हातून बाळ घेतलं, अश्विनीच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीला हात लावला. “चाल. मी येस संगे.”

गजेंद्रच्या गाडीत पुढे धर्मेंद्र, मागे दोघी विहिणी आणि मधे अश्विनी. पुलावर ट्रक अडकले होते. धर्मेंद्र हॉर्न दाबत राहिला, गुजरातीत शिव्या देत राहिला. अश्विनी बाळाच्या नाकाजवळ गाल नेऊन श्वास लागतोय का पाहत होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिला दिसलं की उषाबाई चपला न घालताच आल्या आहेत.

आतल्या डॉक्टरीणबाईंनी फार प्रश्न विचारले नाहीत. बाळाच्या छातीवर बोट दाबून उचललं, कातडी पाहिली, लगेच नर्सला हाक मारली. टाचेतून रक्त घेताना बाळानं बारीक, उंच, विचित्र आवाज काढला. अश्विनीनं तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

“लघवी कशी होते?” डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

“काळी. चहासारखी. आज सकाळी पाहिली.”

“सकाळीच पाहिलंत?” त्यांनी अश्विनीकडे नीट पाहिलं. मग बाळाचं दुपटं सोडवता सोडवता थबकल्या. कापड नाकाशी नेलं. “याला डांबर गोळ्यांचा वास येतोय. हे कुठं ठेवलेलं होतं?”

“पेटीत,” अश्विनी म्हणाली.

“बाळाच्या अंगावर किती दिवस आहे?”

“चार.”

डॉक्टरांनी दुपटं आणि झबलं पिशवीत भरून बाहेर पाठवून दिलं. कावीळ फार वर गेली होती. बाळाला दिव्याखाली ठेवायचं, सुई लावायची, काही वेळानं पुन्हा रक्त तपासायचं. उतरली नाही तर सगळं रक्त बदलावं लागेल. “उशीर झाला तर मेंदूला, कानांना धोका असतो,” त्या म्हणाल्या. “म्हणून घाई करतेय. तुम्ही बाहेर थांबा.”

बाहेरच्या बाकावर अश्विनी आणि तिची आई बसल्या. धर्मेंद्र भिंतीला टेकून उभा होता. उषाबाई पिशवी छातीशी धरून थोड्या लांब उभ्या होत्या.

मंगलाताई आता बोलल्या. “मी सांगत होते. त्या वासाबद्दल सकाळी सांगितलं होतं की नाही? तर म्हणे, माझ्या सासूचं लुगडं! आमच्याकडे असती तर ही वेळ आलीच नसती.”

“मम्मी, आत्ता नको.”

“का नको? कुणीतरी बोलायला हवंच. विषात गुंडाळून ठेवलं माझ्या नातवाला.”

उषाबाईंनी मान वर केली नाही. त्यांची बोटं पिशवीच्या गाठीशी चाळा करत होती. “पेटीमझारतून काढं, ऊन दाखाडं, मंग दिधं,” त्या कुणाला तरी समजावून सांगावं तसं म्हणाल्या. “गोया टाकतसच ना सगळा. माले काय माहीत?”

“काकू, बस करा,” धर्मेंद्र सासूला म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की त्याचं स्वतःचं तोंडही कुणाला काही सांगण्याजोगं राहिलेलं नाही. तो अश्विनीसमोर उकिडवा बसला. “तू मला फडकं दाखवलंस. मी हातात घेऊन पाहिलं आणि तरी…”

अश्विनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला कुणाचीच माफी नको होती. तिच्या मनात एकच चाललं होतं: मला वास आला होता. पहिल्या दिवशीच आला होता. सासूला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिले. उचकीसाठी घर उठवलं आणि यासाठी गप्प राहिले.

काचेचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर आल्या तशी चौघंही पुढे झाली.

“दिवे लावलेत. आता थोडी वाट बघायची,” त्या म्हणाल्या. “आणखी एक विचारायचंय. डांबर गोळ्या घरोघरी असतात, सगळ्या बाळांना असं होत नाही. काही मुलांच्या रक्तातच एक घटक कमी असतो, त्यामुळे या वासानं त्यांचं रक्त फुटायला लागतं. मला तसंच वाटतंय, तपासणी होईल. हे आईच्या बाजूनं मुलग्यांत येतं. आईच्या माहेरी कुणा मुलाला लहानपणी अशी कावीळ झाली होती का?”

अश्विनी ‘नाही’ म्हणणार होती. तिला एकच मामा होता आणि तो नाशिकला धडधाकट होता.

“माझ्या आईला आधी दोन मुलगे झाले होते,” मंगलाताई म्हणाल्या.

अश्विनी वळली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“दोघेही महिन्याच्या आत गेले. पिवळे पडून गेले, असं आई सांगायची. दृष्ट लागली म्हणायची. मग मी झाले, मग भाऊ.” त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला, पण पुसला नाही. “आमच्याकडे ते नाव काढायची पद्धत नव्हती. मलाही कधी सुचलं नाही की हे… की हे असं पुढं येतं.”

“कुणाला सुचत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “यात कुणाची चूक नाही. पण आता या बाळाला काय चालत नाही ते आयुष्यभर लक्षात ठेवायचं. काही औषधंही आहेत, मी सगळं समजावून सांगेन.” त्या जाता जाता थांबल्या. “लवकर आणलंत. चांगलं झालं.”

दार बंद झालं. मंगलाताई बाकाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांची पाठ एकाएकी लहान दिसायला लागली. अश्विनीला वाटलं, आता उषाबाई बोलतील. बोलायचा हक्क होता त्यांना, आणि सोडून देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

उषाबाई आल्या. पिशवी त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आत टाकून दिली. मग बाकाशी येऊन विहिणीशेजारी बसल्या.

“दोन गयात तुमनी मायना,” त्या म्हणाल्या. “कसं काढं व्हई त्या माउलीनं.”

मंगलाताईंच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. उषाबाईंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मग दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींकडे न बघता.

वाट पाहणं लांबत गेलं. धर्मेंद्र पाणी आणून देत होता, कुणी पीत नव्हतं. एकदा नर्स अश्विनीला आत घेऊन गेली. निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं, उघडंवाघडं बाळ पसरलेलं होतं. हाताला सुई, पायाला वायर. नर्सनं तिला बाटलीत दूध काढायला सांगितलं. अश्विनी पडद्यामागे बसून दूध काढत राहिली. दूध येतच होतं. इतके दिवस प्रत्येक गोष्टीत आपलं चुकतंय असं वाटत आलेल्या त्या बाईला तेवढं एक काम करता येत होतं, म्हणून ती ते करत राहिली.

ऊन खाली उतरलं तेव्हा दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टर स्वतः सांगायला आल्या. कावीळ वर चढायची थांबली होती, थोडी खाली आली होती. रक्त बदलायची गरज आत्ता वाटत नव्हती. रात्रभर दिव्याखाली राहील, उद्या पुन्हा बघू. मेंदूचं म्हणाल तर आज तरी काळजीचं चिन्ह दिसत नाही. पुढे कानांची तपासणी करून घ्यायची.

“म्हणजे बरा होईल ना?” धर्मेंद्रनं विचारलं.

“होईल, असं मला वाटतं. पण आज रात्री मी तुम्हाला ‘घाबरू नका’ म्हणणार नाही.” त्या अश्विनीकडे वळल्या. “तुम्ही तर अजिबात नका ऐकू कुणाचं. आत या. तोंड हलवतोय तो, घेऊन बघा.”

नर्सनं थोड्या वेळासाठी पट्टी काढून बाळ तिच्या हातात दिलं. दवाखान्याच्या पांढऱ्या कापडात ते कुणा दुसऱ्याचंच बाळ वाटत होतं. अश्विनीनं त्याला छातीशी धरलं. आधी काहीच झालं नाही. मग ओठ चाचपडले, लागले, सुटले, पुन्हा लागले, आणि त्यानं ओढलं. इतकं जोरानं ओढलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि टाक्यांपर्यंत कळ गेली. ती हलली नाही. त्याचा घोट गिळल्याचा बारीक आवाज ती न मोजता ऐकत राहिली.

दाराच्या काचेला दोन आज्यांची तोंडं लागलेली होती.

ती बाहेर आली तेव्हा उषाबाईंच्या हातातला फोन वाजत होता. फोन घरून होता. त्यांनी स्पीकर लावला.

“माय, कसा आहे तो?” रंजनाचा आवाज रडून बसलेला होता. “इथं अर्धी माणसं गेली, अर्धी तशीच बसलीत. आप्पा म्हणतात मुहूर्त संध्याकाळपर्यंत आहे, पाळण्यात नारळ ठेवून नाव उच्चारलं तरी चालतं. सुषमा म्हणते तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. काय करू मी? ठेवू का नाव?”

आयुष्यभर या घरातल्या प्रत्येक पूजेचा, पंगतीचा, पाळण्याचा शब्द उषाबाईंनीच दिला होता. त्यांनी फोन अश्विनीपुढे धरला.

“तिले इचार,” त्या म्हणाल्या. “माय ती शे.”

अश्विनीनं फोन घेतला. धर्मेंद्र तिच्याकडे बघत होता, मंगलाताई बघत होत्या. छातीतली धडधड अजून थांबली नव्हती. बहुधा आज थांबणारही नव्हती.

“ताई, सगळ्यांना जेवायला वाढा,” ती म्हणाली. “नारळ नको. नाव तुम्हीच ठेवायचं, त्याच्याच कानात. घरी आल्यावर.”

“कधी गं?”

“तो जागा असेल तेव्हा.”